'नुसते बसून असतात'

"मॅडम, दिवसभर नुसते बसून असतात. काही करा म्हटलं की 'बघू' म्हणतात. आळशी झालेत का हो?"

मेंदूला मार बसलेल्या माणसाच्या घरचे हा प्रश्न फार विचारतात. कोथरूडच्या एका ताईंनी विचारला तेव्हा नवऱ्याच्या बाईक अपघाताला सव्वा वर्ष झालं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

हा आळस नाही. कपाळामागच्या भागाला इजा झाली की कामाला सुरुवात करणंच अवघड होऊन बसतं. मनात असतं, पण उठणं होत नाही. 'जरा मनावर घ्या' म्हटल्याने तो माणूस आणखी खचतो, एवढंच.

घरच्यांनी कॅरम आणला, शब्दकोडी आणली. सगळं पडून होतं. अपघाताआधी दहा वर्षं ते ढोल-ताशा पथकात होते, पण आता गोंगाट सोसत नाही, म्हणून तो विषयच घरात बंद. मी त्यांनाच विचारलं, "पथकातलं सगळ्यात काय आवडायचं?" ताई उत्तर द्यायला लागल्या, त्यांना खुणेनं थांबवलं. अशा माणसाला शब्द सापडायला वेळ लागतो आणि तो वेळ आपणच खाऊन टाकतो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "ढोल ताणायचो." आणि बोलता बोलता दोन्ही मुठी दोरी ओढल्यासारख्या वळल्या.

जुलैत नदीकाठी सराव सुरू झाला. ठरलं असं: साडेपाचला गजर, फ्रिजवर मोठ्या अक्षरात 'बूट, पाणी, टोपी', धाकटा भाऊ न्यायला येणार. अर्धा तास दोऱ्या ताणायच्या आणि पहिला ठोका पडायच्या आत निघायचं. पहिल्याच आठवड्यात मित्रांच्या आग्रहाने थांबले. पुढचे दोन दिवस डोकं धरून अंथरुणात. ती चूक माझीही होती. हा थकवा विश्रांतीशिवाय जात नाही, हे मी मित्रांना आधीच सांगायला हवं होतं. मग भावाला निघायची वेळ पक्की ठरवून दिली.

गणपतीनंतर सराव थांबला. पथकाने एक जुना ढोल घरी दिलाय. रोज दुपारच्या झोपेनंतर वीस मिनिटं ते दोरी सोडतात, पुन्हा ताणतात, लेक टोक धरून बसते. अजूनही "चला, ढोल" असं कुणीतरी म्हणावं लागतं. ते ताई म्हणतात. नवऱ्याचं 'बघू' मात्र हल्ली कमी ऐकू येतं.