नवऱ्याला नोकरी सोडून गावी शेती करायची आहे, मी हो म्हणू का?

तुम्ही लिहिलंय की नवरा पुण्यातली नोकरी सोडून चोपड्याकडे वडिलांची पाच एकर केळी बघायला जायचं म्हणतोय, तुमचीही अकाउंट्सची नोकरी आहे आणि मुलं दोन. मी १६ वर्षांपूर्वी भुसावळहून लग्न होऊन रावेर तालुक्यातल्या एका खेड्यात आले. माहेरी वडील रेल्वेत, एक तारखेला पगार. त्यामुळे तुमची धाकधूक मला नीट कळते.

उन्हाचं, सापाचं, मजूर मिळत नाहीत याचं सगळे सांगतील. खरंच आहे ते, मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो. पण अंगाला सवय होते. मला एका गोष्टीची सवय अजून झाली नाही, ती म्हणजे पैसे मागायची.

केळी लावल्यापासून घड कापायला येईपर्यंत वर्ष जातं. तोवर नुसता खर्च. माल कापला की पट्टी येते, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती आणि पैसे. आमची जमीन सासऱ्यांच्या नावावर, म्हणून पट्टी त्यांच्या नावाची, सोसायटीचं कर्ज त्यांचं, विम्याचे पैसे आलेच तर तेही त्यांच्याच खात्यात. माझे मिस्टर रात्रीची लाईट असली की दोन वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जातात. सकाळी तोच चाळिशीचा माणूस पोरीच्या सहलीचे ८०० रुपये वडिलांकडे मागतो. सासरे वाईट नाहीत हो, देतात लगेच. फक्त देताना विचारतात, "कशाले?" तेवढं पुरतं.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं, वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचं, नवीन साल सुरू होतं. वर्षाचे पैसे किती, उचल किती, सगळं बसून बोलून ठरतं. घरच्या मुलाचं मात्र कुणी बसून ठरवत नाही.

आणि हे न ठरलेलं सगळं वाईट दिवशीच बाहेर येतं. एका वर्षी जूनमध्ये आमची कापणीवर आलेली बाग संध्याकाळच्या वादळात अर्ध्या तासात आडवी झाली. यांनी महिनाभर आधी झाडांना आधाराच्या पट्ट्या बांधायचं म्हटलं होतं, सासरे म्हणाले होते, उगीच खर्च. वादळानंतर बांधावर दोघं शेजारी उभे होते, कुणी कुणाला काही म्हटलं नाही. घरी आल्यावरही नाही. पुढचे वीस दिवस मी एकाच घरात दोन वेळा ताटं वाढली, आधी सासऱ्यांचं, ते उठले की यांचं. बोलणं चालायचं ते पोरीमार्फत. "पप्पा, आबा विचारताहेत पंचनाम्याला कोणी आलं का?" ती तेव्हा सात वर्षांची होती, पंचनामा हा शब्द तिला शाळेत कळायच्या आधी घरात कळला. विमा होता, पण वारा मोजतात महसूल मंडळाच्या, म्हणजे बऱ्याच गावांच्या मिळून असलेल्या हवामान केंद्रावर, आमच्या वावरात नाही.

त्यानंतर मी माहेरच्या पैशांतून दोन म्हशी घेतल्या. दर दहा दिवसांनी डेअरीचा हिशोब माझ्या हातात येतो. फॅट कमी लागली की जीव खालीवर होतो, पण पैसे माझे. मात्र म्हैस दारात आली की बाई बांधली जाते. आमची मोठी म्हैस माझ्याशिवाय कुणाला पान्हा सोडत नाही. आखाजीला सगळ्या लेकी माहेरी जातात, झोके बांधतात. मी कित्येक वर्षांत त्या दिवशी भुसावळला मुक्काम केलेला नाही. सकाळी जायचं, चारच्या आत परत.

जनावरांचं अजून एक सांगते, कारण हे कुणी हिशोबात धरत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये राज्यात लम्पीची, म्हणजे गुरांच्या त्वचारोगाची, जी साथ आली तिची सुरुवात आमच्या रावेर तालुक्यातून झाली. आमच्या बैलजोडीतला एक गेला. बाग पडली तेव्हा ज्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं ते सासरे गोठ्यात खाली बसून रडले. त्या वर्षी पोळ्याला पुरणपोळी केली, पण खाल्ली कुणी नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नवऱ्याला येऊ द्या, पण आधी वर्षभर एकट्याला. एक लावण ते एक कापणी पूर्ण बघू दे, त्यात थंडी येईल, हरण्या रोग येईल, भाव पडेल, वडिलांशी खटकेलही. तोवर तुमची नोकरी सोडू नका. आणि निघण्याआधीच त्याने वडिलांना विचारावं, माझ्या हाताखाली किती वावर, त्याची पट्टी कुणाच्या नावाची. हे तुम्ही विचारू नका, सुनेने विचारलं की भांडण होतं. स्वतःच्या नावाचंही मनात ठेवा. लक्ष्मीमुक्ती म्हणून १९९२ पासून सोय आहे, नवऱ्याने अर्ज दिला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने त्यासाठी मोहीम चालवली होती. मी मोठ्या हौसेने विचारायला गेले, तर तलाठी भाऊसाहेब हसले, "वहिनी, आधी नवऱ्याचं तर लागू द्या!"

आमच्या यांनी विचारायला पंधरा वर्षं घेतली. सासऱ्यांनी आठ दिवस उत्तर दिलं नाही. मग एकदा चहा पिता पिता म्हणाले, "नाल्याकडचं वावर तू कर." दोन एकर आहे, सातबारा अजून त्यांचाच, पण पट्टी यांच्या नावाने येते. मागच्या महिन्यात पहिली आली. मी भाकऱ्या थापता थापता विचारलं, किती आले? तर हे म्हणतात, "कशाले?"