निर्यातदारांचे प्रश्न : पॉलिसी आहे, पण मेलला काय उत्तर दिलंत?

अमेरिकेने ७ ऑगस्ट २०२५ ला भारतीय मालावर २५ टक्के आणि २७ ऑगस्टला आणखी २५ टक्के शुल्क लावलं. तेव्हापासून येणाऱ्या पत्रांत तीच ती गल्लत दिसते. सरकारी मदत आहे. पण ती कोणाला, कशासाठी आणि कधीपर्यंत, हे कोणी वाचत नाही. म्हणून ही उत्तरं डिसेंबर २०२५ च्या स्थितीप्रमाणे एकत्र दिली आहेत.

सोलापूरहून टेरी टॉवेल पाठवतो. वाढलेलं शुल्क सरकार परत देणार, असं ग्रुपवर आलंय. अर्ज कुठे करायचा?

असा अर्ज नाही. ते शुल्क तिकडचा आयातदार तिकडच्या कस्टम्सला भरतो. तुम्हाला परतावा मिळतो तो आपल्याकडच्या करांचा, आणि टॉवेलसाठी तो ‘रोडटेप’ या सर्वसाधारण निर्यात करपरतावा योजनेतून नव्हे, तर कपडे आणि टॉवेल-चादरींसाठीच्या ‘आरओएससीटीएल’ या योजनेतून. शिपिंग बिलात (निर्यातीच्या वेळी कस्टम्सकडे भरायच्या कागदात) दावा नोंदवलाय का, हे कस्टम्स एजंटला आजच विचारा.

निर्यातदारांसाठीच्या २०,००० कोटींच्या सरकारी कर्ज-हमी योजनेतलं कर्ज बुडालं तर सरकार भरणार ना? आणि हप्ते थांबलेत का?

हमी बँकेला आहे, तुम्हाला नाही. निर्यातीसाठी मंजूर कर्जमर्यादेच्या २० टक्क्यांपर्यंत जादा खेळतं भांडवल तारण न देता मिळू शकत होतं, जाहीर मुदत ३१ मार्च २०२६ होती. पण ते फेडायचं तुम्हीच. हप्त्यांची सवलत वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या १४ नोव्हेंबर २०२५ च्या निर्देशांनुसार ठरावीक क्षेत्रांतल्या निर्यातदारांचे १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२५ चे हप्ते बँक पुढे ढकलू शकत होती. ते आपोआप होत नव्हतं आणि व्याज चालूच राहत होतं.  त्यासाठी शाखेत लेखी अर्ज द्यावा लागत होता.

इचलकरंजीत आमचा तयार कपड्यांचा कारखाना आहे. माल अमेरिकेच्या बंदरात पोचला आणि खरेदीदाराचा मेल आला, ‘शिवण कच्ची आहे, उचलणार नाही.’ ईसीजीसीची (निर्यातीचे पैसे बुडण्याचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीची) पॉलिसी आहे, म्हणजे काळजी नाही ना?

आहे, आणि मोठी आहे. खरेदीदाराचं दिवाळं, मुदत उलटूनही न दिलेले पैसे, अटींप्रमाणे पाठवलेला माल न उचलणं, हे धोके ईसीजीसी घेते. दर्जाचा वाद त्यात बसत नाही. खरेदीदाराच्या देशातल्या न्यायालयात तो तुमच्या बाजूने सुटेपर्यंत दावा अडकतो. शुल्क परवडेनासं झालं की काही खरेदीदार नेमका हाच वाद उकरून काढतात.

आणि आपली माणसं काय करतात? गेल्या महिन्यात एका कारखानदाराने मला मोबाइल दाखवला. रात्री साडेअकराला त्याने खरेदीदाराला उत्तर धाडलं होतं : ‘सॉरी सर, पुढच्या वेळी काळजी घेऊ, दहा टक्के सूट देतो.’ म्हणजे चूक कबूल, वर सूट. माल निघण्याआधीचा तपासणी अहवाल त्याच्याकडे होता. खरेदीदाराने सही करून पास केलेला नमुना कपाटात टांगलेला होता. दोन्हींचा उल्लेखच नाही!

कृपा करून असं करू नका. मेलचं उत्तर मेलनेच द्या, अहवाल जोडा, नमुन्याचा दाखला द्या. ईसीजीसीला विचारल्याशिवाय सूट कबूल करू नका, माल दुसऱ्याला विकू नका, परतही बोलावू नका. पैसे थकून तीस दिवस झाले की पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत कळवायचं असतं. ‘जुनं गिऱ्हाईक आहे, देईल’ म्हणत लोक चार-चार महिने बसून राहतात आणि मग धावत येतात. या खरेदीदाराला किती उधारी द्यायची ती पतमर्यादा ईसीजीसीकडून मंजूर करून घेतली होती का, तेही पाहा. बंदरातला माल रोज भाडं खातोय. पॉलिसी, मेल आणि अहवाल घेऊन उद्याच्या उद्या शाखेत जा.

एजंट म्हणतो, दुबईमार्गे पाठवा, शुल्क वाचेल. खरं का?

खोटं. दुबईत खोकी बदलली म्हणून माल दुबईचा होत नाही. मूळ देश लपवण्यासाठी वळवलेला माल पकडला गेला, तर अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये ४० टक्के शुल्क आणि वर दंड ठरवला होता. एजंट तोवर कमिशन घेऊन मोकळा झालेला असेल. दुसऱ्या देशात खरोखर उत्पादन करायचं असेल, तर आधी अमेरिकी कस्टम्स कायद्याच्या वकिलाचा सल्ला घ्या.

ब्रिटनशी करार झालाय, तिकडे शुल्क माफ झालं का?

डिसेंबर २०२५ पर्यंत नाही. २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, पण तेव्हा अंमल सुरू व्हायचा होता. अमिरातींबरोबरचा करार मात्र मे २०२२ पासून, आणि स्वित्झर्लंड-नॉर्वेच्या गटाबरोबरचा १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे. तिथेही सवलतीसाठी भारतीय मूळ सिद्ध करावं लागतं. डीजीएफटीच्या (केंद्राच्या परकी व्यापार खात्याच्या) पुणे कार्यालयात विचारायला जाताना मालाचा आठ अंकी एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) लिहून न्या. त्याशिवाय तुम्हाला तिथे कोणी नेमकं उत्तर देऊ शकणार नाही.