एक्स-रे स्वच्छ आहे, मग सीटी कशाला?

प्रश्न : माझं वय ५३. गेली २८ वर्षं मी सिगारेट ओढते. फार नाही, दिवसाला १५. घरात फक्त नवऱ्याला माहीत आहे. खोकला नाही, दम लागत नाही, गेल्या वर्षी छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. आता वाचलं, की कृत्रिम बुद्धिमत्ता सीटी स्कॅन बघून फुफ्फुसाचा कर्करोग सहा वर्षं आधी सांगते. मी तो करावा का? आणि तिथे सिगारेटचं सांगावंच लागतं का?

उत्तर : ताई, आधी तुमचं ‘फार नाही’ मोजू. पाकिटात २० धरल्या तर १५ म्हणजे पाऊण पाकीट. पाऊण गुणिले २८, झाले २१. आम्ही याला पॅक-इयर म्हणतो. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या तज्ज्ञांच्या गटाने २०२१ मध्ये ठरवलं, की वय ५० ते ८०, किमान २० पॅक-इयर, आणि अजून ओढत असाल किंवा सोडून १५ वर्षं झाली नसतील, तर दरवर्षी कमी मात्रेचा, म्हणजे कमी किरणोत्सर्गाचा, सीटी करावा. त्याआधी ही अट ३० ची होती. तेव्हा तुम्ही बाहेरच राहिला असता. बायका दिवसाकाठी कमी ओढतात, म्हणून त्या अटीतून त्याच जास्त निसटायच्या. तर हो, करा.

एक्स-रेवर विसंबू नका. बारीक डाग हृदयाच्या सावलीत किंवा बरगडीआड सहज लपतो. अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक लोकांमध्ये ही तुलना झाली. २०११ चे निकाल : सीटीच्या गटात फुफ्फुसाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू एक्स-रेच्या गटापेक्षा २० टक्के कमी. नेदरलँड्स-बेल्जियमच्या नेल्सन चाचणीत (२०२०) बायकांमधली घट पुरुषांपेक्षाही जास्त दिसली, पण त्यात बायका थोड्या होत्या, म्हणून मी त्या आकड्यावर हुरळून जात नाही.

आता ते सहा वर्षांचं. ‘सांगते’ हा शब्द बातमीतला. २०२३ मध्ये आलेलं सिबिल नावाचं मॉडेल एकाच स्कॅनवरून पुढच्या सहा वर्षांतली शक्यता काढतं. शक्यता, निदान नव्हे. शिवाय ते शिकलं त्या अमेरिकन चाचणीच्या स्कॅनवर, आणि त्यात बहुतेक माणसं गोरी होती.

मी स्कॅन वाचते त्या टेबलावर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राचा उपयोग जास्त साधा आहे. एका सीटीत शेकडो काप असतात आणि संध्याकाळी डोळे थकतात. एकदा पहिल्या बरगडीमागचा सात मिलिमीटरचा ठिपका ओलांडून मी पुढे सरकले होते. यंत्राने त्याभोवती चौकट काढली. त्याच दिवशी त्याने तीन ठिकाणी आडव्या गेलेल्या रक्तवाहिनीलाही चौकट काढली! म्हणून बघायला दोघं हवीत. त्याचा खरा हात मोजमापात चालतो : मागच्या वर्षीच्या ठिपक्याचं आकारमान यंदा किती वाढलं, हे ते माझ्या पट्टीपेक्षा नेमकं काढतं.

रिपोर्टमध्ये ‘नोड्यूल’ दिसलं तर लगेच घाबरू नका. मराठीत आपण त्याला गाठ म्हणतो आणि तिथेच रात्रीची झोप जाते. त्या अमेरिकन चाचणीत संशयास्पद ठरलेल्या स्कॅनपैकी ९६ टक्क्यांमध्ये कर्करोग नव्हता. जुन्या संसर्गाचे व्रणही असेच दिसतात. बहुतेक वेळा काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन, एवढंच.

स्कॅनला इंजेक्शन नाही, उपाशी राहणं नाही. धातूचे हुक असलेले कपडे काढायचे, हात डोक्यावर, काही सेकंद श्वास रोखायचा. किरणोत्सर्ग सुमारे दीड मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून वर्षभरात मिळतो त्याच्या साधारण निम्मा. थुंकीत रक्त आलं किंवा वजन विनाकारण उतरू लागलं, तर मात्र दरवर्षीच्या स्कॅनची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे जा. आणि सिगारेट सोडण्यासाठी औषधं आहेत, तीही त्याच भेटीत मागा. स्कॅन स्वच्छ आला म्हणजे पुढच्या वर्षाची परवानगी मिळाली, असं मानणारे मी बरेच पाहिलेत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. हो, सांगावं लागतं, आणि खरा आकडा सांगा. फॉर्मवर ‘कधीतरी’ लिहिणाऱ्या बायकांची फुफ्फुसं मी पाहिली आहेत. वरच्या भागातली काळी पोकळ्यांची जाळी ‘कधीतरी’ची नसते. पण ‘कधीतरी’ लिहिलंत, तर दरवर्षी बोलवायच्या यादीत तुमचं नाव येणारच नाही. नवऱ्याखेरीज कुणाला कळू नये असं वाटत असेल, तर रिपोर्ट फक्त तुमच्याच हातात द्यायला नोंदणीच्या वेळीच सांगा. आणि या वर्षीची सीडी जपून ठेवा, पुढच्या वेळी यंत्राला आणि मला तीच लागणार आहे.