बेबी टोज म्हणून आणलं आणि फूल आलं गुलाबी

प्रश्न : ताई, मागच्या वर्षी प्रदर्शनातून एक छोटंसं सक्युलंट (पानांत पाणी साठवणारं रसदार झाड) आणलं, लेबलवर नुसतं ‘बेबी टोज’ लिहिलेलं. पानं म्हणजे पेन्सिलीएवढ्या जाड करड्या-हिरव्या कांड्या, वरून ब्लेडने कापल्यासारख्या सपाट आणि तिथे काचेसारखं काहीतरी. नेटवर बेबी टोजला पांढरं नाहीतर पिवळं फूल दाखवतात, माझ्याकडे मे महिन्यात भडक गुलाबी आलं, मध्ये पांढरं. हे नक्की काय आहे? आणि थंडी सुरू झाल्यापासून ते मातीत खाली खाली चाललंय, तहान लागली असेल म्हणून पाणी वाढवलं तर दोन पानं काळी पडून मऊ झाली. वाचेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : फुलाचा रंग सांगितलात तिथेच ओळख पटली, ही फ्रिथिया पुल्क्रा! बेबी टोज म्हणजे फेनेस्ट्रारिया, दोघींच्या पानांना वर खिडकी, म्हणजे तो काचेसारखा पारदर्शक भाग असतो म्हणून नर्सरीवाले सर्रास गल्लत करतात. पानाच्या टोकावरून बोट फिरवून बघा, फेनेस्ट्रारियाचं टोक गुळगुळीत आणि फुगीर, फ्रिथियाचं सपाट आणि खरखरीत. शिवाय फेनेस्ट्रारियाचं फूल लांब दांड्यावर येतं, हिचं जवळजवळ पानांतच बसलेलं असतं, दुपारच्या उन्हात उघडतं आणि संध्याकाळी मिटतं.

आता नाव चुकलं तर बिघडलं कुठे, तर पाण्यात! फेनेस्ट्रारिया दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची, नामाक्वालँडपासून वर नामिबियापर्यंत, तिथे पाऊस हिवाळ्यात आणि वर समुद्राचं धुकं. फ्रिथिया मात्र प्रिटोरियाजवळच्या मॅगालिसबर्ग डोंगरातली, तिथे पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि थंडी कोरडी ठणठणीत, म्हणजे तुम्ही बेबी टोजचं वेळापत्रक वाचून थंडीत पाणी दिलंत तर हिला बरोब्बर झोपेत पाजलंत. (जोहान्सबर्गचे रेल्वेचे माळी फ्रँक फ्रिथ यांनी 1925 मध्ये ही झाडं लंडनला नेऊन तिथल्या क्यू वनस्पती उद्यानाचे वनस्पतीतज्ज्ञ एन. ई. ब्राउन यांना दाखवली, फ्रिथ यांच्यावरूनच नाव पडलं. एका माळीकाकांचं नाव अख्ख्या प्रजातीला मिळालं हे मला फार आवडतं.)

खाली जाणं हा आजार नाहीच. कोरड्या दिवसांत तिची पानं आक्रसतात आणि झाड खडीत ओढलं जातं, वर दिसतात फक्त त्या खिडक्या, त्यातून ऊन आत शिरतं आणि पानाच्या आतल्या हिरव्या थराला मिळतं, पान मातीत असूनही काम चालू राहतं. पण आपल्या कुंडीत मुद्दाम गळ्यापर्यंत पुरू नका, आपली दमट हवा तिला सोसत नाही.

वाचवायचं तर आजच कुंडीतून काढा. काळी पानं बुडापासून कापा, मुळं झटका आणि चार-पाच दिवस सावलीत कागदावर उघडी ठेवा. मॅगालिसबर्गचा दगड म्हणजे गारगोटीचा, क्वार्टझाइट, झाड त्याच्याच भरड चुऱ्यात वाढतं, म्हणून तीन भाग भरड सिलिका वाळू (पाण्याच्या फिल्टरमध्ये घालतात ती चालते) आणि एक भाग चाळलेलं पानांचं खत, बस. कोकोपीट नको, ओल धरून बसतं. वर शोभेला पांढऱ्या संगमरवराचे तुकडे असतील तर तेही काढा, तो चुनाच असतो आणि हिला आंबट (आम्लधर्मी) माती लागते, त्यापेक्षा गारगोटीचे खडे पसरा.

मार्चपासून कुंडी पूर्ण वाळली की भरपूर पाणी, मग परत वाळू द्या, बोअरचं जड पाणी असेल तर पावसाचं साठवलेलं वापरा. सकाळचं कडक ऊन हवंच, एप्रिल-मेमध्ये दुपारी हिरवी जाळी. पावसाळ्यात एखादी सर चालते पण आठ-आठ दिवसांची झड नाही, तेव्हा कुंडी छपराखाली. तोपर्यंत, म्हणजे फेब्रुवारी संपेपर्यंत पाण्याचा थेंब नको, पानं सुरकुतली तरी. मधली नवीन पानं फुगायला लागलेली दिसली की मगच पहिलं पाणी द्या.