निर्वातातील प्रयोग कारखान्याला कसे लागू पडतात?

प्रश्न : माझी पुतणी पुण्यात भौतिकी रसायनशास्त्रात संशोधन करते. धातूच्या नखाएवढ्या स्फटिकावर वायूचे रेणू कसे चिकटतात हे पाहण्यासाठी ही मंडळी आधी कित्येक दिवस निर्वात तयार करण्यात घालवतात. अमोनियाच्या कारखान्यात मात्र वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाब असतो. मग निर्वातात काढलेले निष्कर्ष तिथे कसे लागू पडणार?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि या विषयातील जाणकारांनीही ती अनेक वर्षे गांभीर्याने घेतली आहे.

निर्वात लागतो तो पृष्ठभाग स्वच्छ राहावा म्हणून. नेहमीच्या हवेत धातूचा ताजा पृष्ठभाग उघडा पडला, की सेकंदाच्या काही अब्जांश भागातच त्यावर रेणूंचा एक थर बसू शकतो. दाब एका टॉरच्या (टॉर हे दाबाचे एकक; नेहमीच्या हवेचा दाब सुमारे ७६० टॉर) दहा लाखाव्या भागावर आणला तरी, आदळणारा प्रत्येक रेणू चिकटतो असे धरल्यास, हा थर साधारण सेकंदाभरात पुरा होतो. त्याच्याही दहा हजार पट कमी दाबाला मात्र हाती अडीच-तीन तास मिळतात. त्यासाठी पोलादी पात्राभोवती तापणाऱ्या पट्ट्या आणि ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळून ते एक-दोन दिवस सुमारे १५० अंश सेल्सिअसला ठेवतात, कारण आतल्या भिंतींना धरून बसलेले पाणी सुटून पंपात गेल्याशिवाय दाब खाली उतरतच नाही. मग आर्गॉनच्या आयनांचा मारा करून स्फटिकावरील मळ उडवतात आणि विस्कटलेले अणू जागी बसावेत म्हणून तो पुन्हा तापवतात.

या कष्टांचे चीज कसे होते, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड एर्टल यांच्या कामावरून दिसते. अमोनियाच्या कारखान्यातील उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, मुख्यतः लोखंडाचा असतो. लोखंडाच्या स्वच्छ स्फटिकावर त्यांनी दाखवून दिले, की नायट्रोजनचा रेणू आधी पृष्ठभागावर फुटून त्याचे अणू सुटे होतात आणि नंतर त्यांना हायड्रोजनचे अणू एकेक करून जोडले जाऊन अमोनिया तयार होतो. धातूकडून रेणूकडे इलेक्ट्रॉन सरकल्याने नायट्रोजनच्या दोन अणूंमधला चिवट बंध सैल होतो. पोटॅशियम मिसळले की हे काम आणखी सुकर होते, आणि कारखान्यातील उत्प्रेरकात पोटॅशियम का घालतात याचे उत्तर तिथे मिळाले. स्फटिकाची बाजू बदलली की वेगही अनेक पटींनी बदलतो, ही गोष्ट मला यात सर्वांत विलक्षण वाटते. घन पृष्ठभागांवरील रासायनिक प्रक्रियांच्या अभ्यासासाठी एर्टल यांना २००७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर १९८५ मध्ये मिळाले. डेन्मार्कमधील स्टोल्त्झे आणि नोर्स्कोव्ह यांनी निर्वातातील मोजमापांवरून, उच्च दाबाला खऱ्या उत्प्रेरकावर किती अमोनिया तयार होईल याचे गणित मांडले आणि ते प्रत्यक्ष उत्पादनाशी चांगले जुळले.

तथापि हे सर्वत्र जमतेच असे नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या ऑक्सिडीकरणात रुथेनियम हा धातू निर्वातात अगदी मंद ठरतो. दाब वाढवून भरपूर ऑक्सिजन दिला की त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि तोच उत्तम उत्प्रेरक बनतो. अशा वेळी निर्वातात पाहिलेला पृष्ठभाग आणि प्रत्यक्ष काम करणारा पृष्ठभाग हे दोन वेगळे पदार्थ असतात. म्हणूनच आता पृष्ठभागावर काय आहे हे कळण्यासाठी त्यावर एक्स-रे टाकून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजण्याचे काम मिलिबारच्या (एक मिलिबार म्हणजे हवेच्या दाबाचा सुमारे हजारावा भाग) घरातील दाबालाही, अभिक्रिया चालू असताना करतात. या जातीचे उपकरण पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही उभारले गेले आहे.