गर्दीचा वेग (तासाला किती जण येतात तो) बदलला की रांगेचं सर्वोत्तम धोरण पुन्हा काढावं लागतं का?

किती जणांना रांगेत घ्यायचं यासारखा नेमका आकडा हवा असेल, तर हो, पुन्हा काढावा लागतो. पण धोरण कुठल्या दिशेला सरकेल हे बरेचदा आधीच सांगता येतं, आणि मला या विषयात तेच सर्वात मोलाचं वाटतं.

रांगांचा गणिती अभ्यास करणारे पिन्हास नाओर यांचं १९६९ चं मॉडेल घ्या. खिडकी एकच. एका माणसाला सरासरी २ मिनिटं लागतात, काम झालं की त्याचा १०० रुपयांचा फायदा, आणि ताटकळण्याची किंमत मिनिटाला ५ रुपये. स्वतःपुरतं बघणारा माणूस दहावा नंबर असला तरी उभा राहतो. गर्दी कितीही वाढो, त्याची मर्यादा १०च, कारण मागून कोण येतंय याने त्याचं काहीच बिघडत नाही. सगळ्यांचा मिळून फायदा बघितला की चित्र पालटतं. तासाला ३ जण येत असतील तर खिडकीवरच्या माणसासकट ९ जणांपर्यंत घ्यावं. १५ येत असतील तर ५, ३० आले तर ४, आणि ६० आले तर फक्त २! आत घेतलेला प्रत्येक जण मागच्यांचा वेळ खातो, आणि गर्दीत मागे माणसं जास्त असतात.

मात्र दिशा नेहमी एकच असते असं धरून चालू नका. यंत्र सुरू करायला खर्च येतो म्हणून काही कामं साठेपर्यंत ते बंद ठेवायचं, असा प्रश्न असेल तर किती साठू द्यायची हा आकडा कामं वाढतात तसा आधी वाढतो आणि यंत्राच्या निम्म्या क्षमतेनंतर उतरू लागतो. भार जास्त असला की यंत्र रिकामं पडतच नाही फारसं, मग सुरू करण्याचा खर्चही क्वचितच येतो.

आणि आधी कोणाचं काम घ्यायचं एवढंच ठरवायचं असेल, तर ताटकळण्याची मिनिटाची किंमत गुणिले त्याचं काम उरकण्याचा वेग हा गुणाकार ज्याचा मोठा, तो आधी. खर्च वेळेच्या प्रमाणात वाढत असेल, तर या नियमात गर्दीचा वेग येतच नाही.

तुमची गर्दी ठरावीक वेळी वाढत असेल, तर प्रवेशाची मर्यादा गर्दी सुरू व्हायच्या आधीपासूनच खाली आणावी लागते. आत्ता घेतलेला माणूस तेव्हाही रांगेत असू शकतो. म्हणून मॉडेलच्या स्थितीत, म्हणजे निर्णय घेताना बघायच्या गोष्टींत, रांगेच्या लांबीबरोबर घड्याळातली वेळही धरा.