हब असलेल्या नेटवर्कवर क्युरी तापमान जातं कुठे?

प्रश्न: लोखंड तापवलं की ७७० अंश सेल्सियसच्या आसपास (हेच त्याचं क्युरी तापमान) त्याचं चुंबकत्व जातं, इथपर्यंत ठीक. पण बाराबाशी-अल्बर्ट नेटवर्कवर (नवा नोड, म्हणजे बिंदू, जास्त जोडण्या असलेल्या नोडलाच जोडला जाण्याची शक्यता जास्त, म्हणून काही नोड खूप जोडण्यांचे हब होतात) आयसिंग मॉडेल (प्रत्येक नोडवर एक स्पिन, म्हणजे वर किंवा खाली बघणारा छोटा चुंबक, जो शेजाऱ्यांसारखा होऊ बघतो) चालवलं तर असं तापमान नसतंच असं वाचलं, आणि मी स्वतः प्रोग्राम लिहून बघितला तर मला ते चक्क मिळालं. माझा कोड चुकला का?

उत्तर: कोडवर लगेच संशय घेऊ नका. आधी तोच प्रोग्राम दहापट नोड घेऊन चालवा, तापमान वर सरकलेलं दिसेल, आणखी दहापट केलेत की परत साधारण तेवढंच वर. म्हणजे ते नोडच्या संख्येच्या लॉगरिदमप्रमाणे वाढतं, २००२ मध्ये आलेक्सेयुक, होविस्ट आणि श्टाउफर यांना सिम्युलेशनमध्ये हेच दिसलं होतं. तुम्ही वाचलंत ते अनंत मोठ्या नेटवर्कबद्दल, तुम्ही मोजलंत ते मर्यादित नेटवर्कवर, दोन्ही बरोबर.

असं का होतं ते मला या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं. चौकोनी जाळीत प्रत्येक स्पिनला चारच शेजारी, म्हणून शास्त्रज्ञ लार्स ऑन्सागरने १९४४ मध्ये काढलेलं २.२६९ हे तापमान (कपलिंग, म्हणजे शेजारी स्पिनमधला जोर, आणि तापमानाला ऊर्जेशी जोडणारा बोल्ट्झमन स्थिरांक १ धरून) जाळी कितीही मोठी केली तरी हलत नाही. इथे मात्र एखाद्या हबला शेकडो शेजारी असतात, एकेकाचा जोर थोडासाच पण सगळे मिळून हबला असं धरून ठेवतात की उष्णता त्याला सहज उलटवू शकत नाही, आणि मग तो हब उलट त्याच शेजाऱ्यांना आपल्या बाजूला ओढत राहतो. त्यामुळे सरासरी किती जोडण्या आहेत यावर काही ठरत नाही, प्रत्येक नोडच्या जोडण्यांच्या संख्येचा वर्ग करून त्याची सरासरी बघायची. नेटवर्क वाढलं तरी पहिली जागच्या जागी राहते, दुसरी वाढतच जाते.

जास्त जोडण्यांचे नोड किती झपाट्याने विरळ होतात ते पॉवर लॉचा घातांक सांगतो, बाराबाशी-अल्बर्टमध्ये तो ३ असतो. तो ३ च्या वर गेला की ठराविक तापमान परत मिळतं, पण ३ ते ५ मध्ये चुंबकत्व कसं शून्याकडे जातं ते त्या घातांकावरच अवलंबून असतं, ५ च्या पुढे नेहमीची मीन-फील्ड थिअरी (सगळ्या शेजाऱ्यांऐवजी त्यांचा एक सरासरी परिणाम धरणारी) लागू.

आणि हो, एकच नेटवर्क बनवून निष्कर्ष काढू नका, दर वेळी सगळ्यात मोठा हब वेगळ्या आकाराचा येतो आणि तापमानही हलतं, तेव्हा बरीच नेटवर्क बनवून सरासरी घ्या.